करीबेट्टच्या मठाची आतली यादी

निंगव्वा,

तुला पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही हे मला कळतं. जिवंत होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं, आणि कुणी वाचून दाखवायला बसलं तर दुसऱ्या ओळीला तू उठून चुलीकडं जायचीस. तरी लिहिते आहे, कारण मठाच्या यंदाच्या स्मरणिकेत तुझ्यावर जे छापलंय ते वाचून माझं डोकं उठलं. 'सेवाभावी, शांत वृत्तीच्या कै. निंगव्वा' म्हणे. तू आणि शांत? ताटात भाकरी टाकून उठणाऱ्याला तू उलथनं दाखवायचीस. तेव्हा खरं काय झालं ते मीच सांगते. गोष्टीसारखं सांगते, आणि त्यात स्वतःलाही नुसतं 'बाई' म्हणते, कारण तू मला दुसरं काही म्हणाली नाहीस. चुकलं तर तू बोलणार नाहीस, हे मात्र सवयीचं नाही.

तर ऐक.

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागून मध्येच दक्षिणेला वळलं की करीबेट्ट दिसतं. कानडीत त्याचा अर्थ काळा डोंगर. साताऱ्याकडचा माणूस त्याला टेकाड म्हणून सोडून देईल, पण सोलापूरच्या सपाटीवर वाढलेल्यांना तो डोंगरच. वर झाड नाही, आडोसा नाही, आणि वारा असा की बायकांना पदर दातांत धरून चढावं लागतं. माथ्यावर मठ आहे. काळ्या दगडाचा, बुटका, किल्ल्यासारख्या जाड भिंतींचा. पुढं सभामंडप आणि त्यात गादी, मागं होऊन गेलेल्या स्वामींच्या समाध्या, आणि उत्तरेच्या अंगाला दासोहाचं स्वयंपाकघर. दासोह म्हणजे येईल त्याला जेवण, जात न विचारता, काम न विचारता. तिथली चूल सातशे वर्षांत विझलेली नाही असं सांगतात. सांगतात म्हणजे काय, निंगव्वा सांगायची, आणि तिच्यासमोर शंका काढायची कुणाची छाती नव्हती.

ती तेरा वर्षांची असताना मठाच्या पाणक्याची, शिवप्पाची, बायको होऊन आली. शिवप्पा खालच्या ओढ्यातून बैलावर पखाली लादून पाणी वर आणायचा. सासू बसम्मा चूल सांभाळायची. पुढं शिवप्पा तापानं गेला, बसम्माचे हात संधिवातानं वाकले, आणि एका सोमवारी सासूनं सुनेच्या हातात पळी दिली. त्या दिवसापासून निंगव्वानं मठाबाहेर एक रात्र काढली नाही. चूल सांभाळणारीनं बाहेर निजायचं नाही, असा तिथला नेमच होता. माहेरी भावाचं लग्न झालं तेव्हा ती सकाळी जाऊन अक्षता टाकून संध्याकाळी परत आली. भाऊ वर्षभर रुसला होता. ती म्हणाली, रुसू दे, त्याच्या चुलीला बायको हाय, माज्या चुलीला कोण हाय?

तिचा दिवस आंबिलीनं सुरू व्हायचा. मोठ्या हंड्यात पाणी खदखदायला लागलं की ती ज्वारीच्या पिठाची चिमूट घ्यायची, एका स्वामींचं नाव घ्यायची आणि चिमूट हंड्यात सोडायची. पुन्हा चिमूट, पुन्हा नाव. पहिल्या स्वामींपासून आताच्या स्वामीजींपर्यंत अख्खी परंपरा हंड्यात उतरली की मग बाकीचं पीठ. हे तिला सासूनं शिकवलं, सासूला तिच्या सासूनं. मठाचा इतिहास म्हणून जे काही होतं ते या चिमटीत होतं. कागदपत्रं कधीच वाळवीनं खाल्ली होती.

बहात्तरच्या दुष्काळात डोंगराच्या पायथ्याशी खडी फोडायचं काम निघालं होतं. दुपारी माणसं वर यायची, हाताला फडकी बांधलेली, ओठ पांढरे पडलेले. मठाच्या रानात काही पिकलं नव्हतं. निंगव्वानं रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या परदेशी ज्वारीची, मिलोची, आंबील केली, आणि मिलोला चव नाही म्हणणाऱ्याला सांगितलं, चव घरी जाऊन खा. दोन उन्हाळे तिनं हंडा उतरवला नाही. मठाला सातशे वर्षं पुरी होत होती ती याच सुमाराला, पण तेव्हा उत्सव कोण करणार? तो ढकलला गेला पंच्याहत्तर सालावर.

उत्सवासाठी समिती झाली. अध्यक्ष सिद्धप्पा, नवी पेठेतले कापडाचे व्यापारी. मनानं चांगले, कामाला वाघ, पण एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. सभामंडपात सगळ्या स्वामींच्या नावांची संगमरवरी पाटी लावायची आणि मठाचा इतिहास छापायचा. इतिहास लिहायला त्यांनी बाईंना गाठलं. बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, पुण्याला कॉलेजात इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या. घरी बसून कंटाळल्या होत्या, लगेच हो म्हणाल्या.

बाई वही घेऊन मठात आल्या, निंगव्वाला सभामंडपाच्या पायरीवर बसवलं आणि म्हणाल्या, सांग नावं. निंगव्वानं सांगितली. तेवीस. बाईंनी लिहून घेतली, खाली रेघ मारली, चहा घेतला आणि परतीची एस. टी. पकडली. एवढं सोपं काम आयुष्यात केलं नव्हतं. यादी सिद्धप्पांकडं गेली, तिथून पाथरवटाकडं गेली.

अडलं ते समाध्यांशी. महिन्याभरानं बाई समाध्यांवरचे शक बघायला पुन्हा आल्या. पाचव्या स्वामींच्या समाधीवर शक तेराशे एकोणीस. सहावे स्वामी गादीवर बसले तो शक त्यांच्या समाधीवर कोरलेला, तेराशे तीस. मध्ये अकरा वर्षं गादीवर कुणीच नाही. तो काळ दुर्गादेवीच्या दुष्काळाचा. अकरा वर्षं मठ बंद होता म्हणावं, तर मग चूल विझली नाही ही गोष्ट खोटी. बाईंना अशी भोकं आवडत नसत. त्या मुक्कामाला राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

निंगव्वा चिमटी सोडत होती. आदिमल्लय्या. गुरुबसय्या. चन्नवीरय्या. रेवणय्या. मुरुगय्या. बाई सवयीनं बोटं मोजत होत्या. पाच झाली. सहावी चिमूट हंड्यात पडली आणि नाव आलं, संगव्वा. मग शांतवीरय्या, आणि पुढची सगळी ओळीनं. चोवीस.

बाई उंबऱ्यावरूनच ओरडल्या, की मला तेवीस का सांगितलीस?

निंगव्वानं हंडा ढवळत मागं न बघता उत्तर दिलं, "तुमी भाईर बसवून इचारलं, भाईरचं सांगितलं. आतलं इचारलं आसतं तर आतलं सांगितलं आसतं की."

याद्या दोन होत्या. बाहेर पुरुषांच्या पंगतीत, गादीसमोर, सणावाराला म्हणायची ती तेवीस नावांची. आत चुलीसमोर म्हणायची ती चोवीस. संगव्वाचं नाव बाहेर घ्यायचं नाही, आत चुकवायचं नाही. एवढं साधं होतं, आणि बी. ए. झालेल्या बाईंना ते विचारायचं सुचलं नव्हतं.

मग निंगव्वानं सांगितलं ते असं. दुष्काळात मुरुगय्या स्वामी गेले. शिष्य अन्नाच्या शोधात पांगले. मठात राहिली चुलीवरची एक बाई, संगव्वा, भीमेच्या काठच्या होळेहळ्ळीची. तिनं सभामंडपाला कडी घातली, गादीवर घोंगडं टाकलं, आणि स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं. देवधान, कंदमुळं, जे मिळेल ते शिजवलं. अकरा वर्षांनी पाऊस लागला, शिष्यांतले एक परत आले, तेच शांतवीरय्या. तिनं घोंगडं झटकून त्यांना गादी दिली आणि परत चुलीपाशी येऊन बसली.

बाई त्याच दिवशी नवी पेठेत सिद्धप्पांच्या दुकानात हजर. चूक माझी आहे, यादी बदला. सिद्धप्पांनी तागा गुंडाळता गुंडाळता ऐकून घेतलं. पाटी कोरून झाली होती. पण त्यांची अडचण पाटीची नव्हतीच. सातशे वर्षांच्या गादीत एक स्वयंपाकीण घुसवायची, आणि तीही एका निरक्षर म्हातारीच्या शब्दावर? समाधीवरचा शक पाथरवटानं चुकवला असेल. पुढच्या बैठकीत त्यांनी सरळ ठराव मांडला. पाटीवर आहेत तीच नावं खरी, आणि इथून पुढं मठात सगळीकडं तीच म्हणायची. आत आणि बाहेर एकच.

हा निरोप निंगव्वाला कळला तेव्हा ती भाकरी थापत होती. थापणं थांबलं नाही, पण ती भाकरी तव्यावर फाटली, आणि निंगव्वाची भाकरी फाटलेली मठात कुणी बघितली नव्हती. पाटीवर काय कोरलंय याचं तिला काही नव्हतं. तिला लागलं ते दुसरंच. उद्या सकाळी सहावी चिमूट नावाशिवाय हंड्यात टाकायची. सासूनं दिलेलं, चाळीस वर्षं एक दिवस न चुकलेलं, एका ठरावानं गिळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नाव घेतलं. रोजच्यापेक्षा मोठ्यानं. मंडपापर्यंत ऐकू गेलं.

सिद्धप्पा समितीचे चौघे जण घेऊन वर आले. स्वामीजीही आले. वयानं थकलेले, कमी बोलणारे, पण कान तिखट. पुरुषमंडळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, कारण पारोश्या माणसानं आत यायचं नाही हा निंगव्वाचा कायदा अध्यक्षांनाही लागू होता.

"निंगव्वा," सिद्धप्पा म्हणाले, "पुरावा काय? तुझ्या सासूनं सांगितलं हा पुरावा होत नाही."

"न्हाय व्हत," निंगव्वा म्हणाली. "वटा फोडून मोजा."

इथं ओट्याचं सांगायला हवं. नवे स्वामी गादीवर बसतात त्या दिवशी ते आधी स्वयंपाकघरात येतात आणि चुलीमागच्या भिंतीशी एक दगड आपल्या हातानं बसवतात, मगच गादीवर जातात. म्हणजे आधी चुलीला हात, मग मानाला. आताच्या स्वामीजींनी बसवलेला दगड निंगव्वानं डोळ्यांनी पाहिला होता, दाराच्या टोकाचा. त्याच्या आधीचे दगड कुणीच पाहिले नव्हते. दर सोमवारी शेणमातीनं सारवून सारवून त्यांचा एक सलग ओटा झाला होता, हंडे टेकवायच्या कामाचा. आत किती दगड आहेत हे निंगव्वालाही माहीत नव्हतं. सासूनं फक्त ओट्यावर एका जागी हात ठेवून सांगितलं होतं, हितं संगव्वा हाय.

आणि ती तेवढ्यावर सगळं लावून मोकळी झाली. दगड तेवीस निघाले तर तिनं चाळीस वर्षं विस्तवासमोर खोटं नाव घेतलं होतं. बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलंही, की नक्की ना? ती म्हणाली, "मी चूल सांबाळते, बाई. हात चुकला तर पोळतंय. अजून पोळलं न्हाय."

स्वामीजींनी मान डोलावली. ओट्याला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, म्हणून उलथनं घेऊन निंगव्वाच बसली. आतल्या टोकापासून, जिथं माती सगळ्यात जाड होती. थर निघू लागले, पिंपळाच्या सालीसारखे, एकाखाली एक. पिढ्यान्पिढ्यांच्या बायकांच्या बोटांचे फराटे त्यांवर दिसत होते. ती अंक मोजत नव्हती, नावं घेत होती. दगड उघडा पडला की नाव. आदिमल्लय्या. गुरुबसय्या. पाचवा झाला. सहावा निघाला. काळा, बसका, वाटोळा. निंगव्वा त्यावर थांबली नाही, नाव घेऊन पुढं गेली. दोन तास लागले. दाराच्या टोकाला आताच्या स्वामीजींचा दगड आला तेव्हा बाईंची मोजणी चोवीसवर होती.

मग सिद्धप्पा म्हणाले, आणि त्यांचंही खोटं नव्हतं, की दगड चोवीस आहेत हे मान्य. पण एखादा भरतीला घातला असेल. गवंडी घालतात की. जास्तीचा दगड संगव्वाचाच, हे दगड कुठं सांगतो?

निंगव्वा उठली. तांब्याभर पाणी घेऊन सहाव्या दगडापाशी आली आणि सावकाश वरून ओतलं. मधोमध माती खचली. तिनं बोट घालून ती उकरली, पुन्हा पाणी सोडलं, पुन्हा उकरली. दगडाच्या बरोबर मध्यावर गोल भोक होतं, खुंटा बसवायचं. भोवती टाकीचे घाव, झिजून गुळगुळीत झालेले.

जात्याची तळी होती ती.

बाकीच्या तेवीस दगडांकडं सगळ्यांनी एकदा पाहिलं. ते डोंगरावरचे धोंडे होते, ओबडधोबड, पुरुषमाणूस वाटेत दिसेल तो उचलून आणतो तसे. हा एकच घरातला होता. दळायला दाणाच उरला नाही तेव्हा जातं कशाला हवं, म्हणून तिनं आपलं जातं मोडून त्याचा दगड ओळीत बसवला असेल. असेल म्हणायचं ते बाईंनी, इतिहास शिकलेल्या म्हणून. निंगव्वाला 'असेल' लागलं नाही. ती तळीवर हात ठेवून नुसती बसली होती, आणि तिचं नाक लाल झालं होतं. धुरानं, असं ती नंतर म्हणाली.

सिद्धप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. व्यापारी माणूस, माल बघितला की पटतं. म्हणाले, झालं. पाटी दुसरी करतो, चोवीस नावांची, संगव्वाचं सहावं. बाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सिद्धप्पांचं कौतुक केलं.

"नगं," निंगव्वा म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"मंडपाला तिनं कडी घातली, सावकार. गादीवर घोंगडं टाकलं, पर बसली न्हाय. आता तुमी तिला वडून भाईर बसवनार व्हय? तुमची पाटी हाय तशी लावा. फकस्त माज्या हंड्यात हात घालू नगा."

बाईंना हे पटलं नाही. त्या तिथंच भांडल्या. म्हणाल्या, अगं वेडे, नाव दगडावर कोरलं नाही तर पन्नास वर्षांनी कुणाला कळणार? निंगव्वा म्हणाली, दगडावर हायच की, आत्ता बगितला न्हाय का. बाईंना ते आजही पटलेलं नाही. पण शेवटी स्वामीजी बोलले, त्या दिवसाचं त्यांचं एकमेव वाक्य. "चुलीचं चूल ठरवेल." ठराव मागं घेतला गेला. पाटी तेवीसचीच लागली. इतिहासाच्या पुस्तकात मात्र बाईंनी दोन्ही याद्या छापल्या, समोरासमोरच्या पानांवर, बाहेरची आणि आतली, आणि सिद्धप्पांनी एक अक्षर न बदलता छापू दिल्या. उत्सवाला हुग्गीचे, म्हणजे गव्हाच्या खिरीचे, सात हंडे झाले. सकाळच्या आंबिलीत चोवीस चिमटी पडल्या, आणि सहाव्या नावाला दारात उभ्या असलेल्या चार-दोन पुरुषांनी हळूच हात जोडले. निंगव्वानं ते पाहिलं आणि त्यांना सुनावलं, हात जोडू नका, सरपण आणा.

ओटा तिनं पुन्हा सारवला. तळीसकट. उघडी ठेव, लोक बघायला येतील, म्हणून बाईंनी पुष्कळ सांगितलं. ती म्हणाली, बगायला कशाला, जेवायला येऊ देत.

सारवण्याआधी मात्र तिनं एक केलं. सहाव्या दगडावरून निघालेले मातीचे थर वेगळे काढून ठेवले होते, ते फडक्यात बांधले आणि बाईंच्या हातात दिले. संगव्वाही चूल सोडून कधी माहेरी गेली नसणार, नेमच होता तो. निंगव्वालाही जाता येत नव्हतं. संगव्वाची होळेहळ्ळी सोलापूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी नाही, वाटेत मुक्काम करावा लागतो. बाईंना कसला नेम? त्यांनी जावं आणि ही माती तिच्या गावच्या नदीत सोडावी. तिच्या अंगावरची माती हाय, म्हणाली, एकदा माहेरचं पाणी लागू दे.

बाई म्हणाल्या, दिवाळी झाली की जाते.

दिवाळी झाली तेव्हा पुस्तकाची मुद्रितं आली. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन. मग नदीला पूर, मग भाचीचं लग्न. मठात गेलं की निंगव्वा विचारायची, गेलता का? बाई म्हणायच्या, या महिन्यात नक्की. शेवटी शेवटी ती विचारेनाशी झाली, नुसती बघायची, आणि आंबील थोडी जास्त वाढायची. अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात ती गेली, चुलीपासून चार हातांवर. पळी तिनं आधीच्याच सोमवारी मठाच्या आताच्या पाणक्याच्या, धोंडप्पाच्या, सुनेला, काशम्माला, दिली होती. काशम्मा सहावं नाव चुकवत नाही, मी जाऊन ऐकून आले.

फडकं माझ्या कपाटावर आहे, निंगव्वा. गाठ तुझ्याच हातची आहे, मी सोडलेली नाही. होळेहळ्ळीची गाडी सोलापूरच्या स्टँडवरून रोज सकाळी साडेसातला सुटते.